स्वतःच्या बळावर डच शिकताना: इंग्रजीच्या वाटेने जावे की मराठीच्या?

सायकलवाली

नमस्कार. नेदरलँड्समधील उत्रेख्तला येऊन मला सहा वर्षे झाली, आणि त्यांपैकी पहिली तीन वर्षे मी डच भाषेचा एक धडाही उघडला नाही. कार्यालयात इंग्रजी, किराणा दुकानात इंग्रजी, आणि मी चाचरत दोन डच शब्द उच्चारलेच तर समोरची व्यक्ती सौजन्याने इंग्रजीत उत्तर देई. नोकरीच्या परवान्यावर आलेल्या उच्चकुशल लोकांवर भाषापरीक्षेची सक्ती नसते, त्यामुळे धाकही नव्हता. चौथ्या वर्षी मुलगी शाळेत जाऊ लागली आणि शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आयाबापांच्या गप्पांतले मला अवाक्षरही कळत नाही, हे रोज दुपारी नव्याने टोचू लागले. शिकवणीच्या वेळा नोकरीशी जुळेनात, म्हणून घरीच शिकायचे ठरवले. गेल्या वर्षी स्टाट्सएक्झामन या राष्ट्रीय परीक्षेच्या पहिल्या पातळीचे, म्हणजे युरोपीय भाषामापनातील बी १ (मध्यम) पातळीचे, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चारही भाग मी उत्तीर्ण झाले.

हा धागा काढण्याचे कारण मात्र परीक्षा नव्हे. पहिले आठ महिने मी इंग्रजीतून डच शिकवणारी पुस्तके आणि ॲप वापरली आणि प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवून मग डचमध्ये उतरवले. तो काळ, माझ्या मते, निम्मा वाया गेला. डच ही इंग्रजीची चुलत बहीण आहे हे खरेच. पाण्याला ‘वाटर’ आणि पुस्तकाला ‘बूक’ म्हणतात हे पहिल्याच दिवशी कळते. वाक्य कसे चालते, या बाबतीत मात्र ती अनेक ठिकाणी मराठीच्या अधिक जवळ आहे, आणि हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही.

पहिला साक्षात्कार क्रियापदाच्या जागेचा. ‘ओमडाट इक नेडरलांड्स लेर’, म्हणजे ‘कारण मी डच शिकते’. शब्दाला शब्द ठेवून पाहा: कारण, मी, डच, शिकते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हा नियम इंग्रजीच्या अंगाने शिकणाऱ्याला अवघड घाट वाटतो आणि त्यावर पुस्तकात पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. आपल्याला मात्र तो घरचा उंबरठा आहे. ‘मी काल एक पुस्तक वाचले’ हे वाक्य डचमध्ये ‘इक हेप खिस्टरन एन बूक खेलेझन’ असे होते, आणि ‘वाचले’ हा अर्थ वाहणारे ‘खेलेझन’ आपल्यासारखेच टोकाला जाऊन बसते. (डच लिपीतील ‘ग’चे अक्षर घशातून घासत काढलेल्या ख सारखे उच्चारतात. देवनागरीत मी सगळीकडे साधा ख लिहिला आहे. तो उर्दू गझल गाणाऱ्याच्या तोंडी असतो तसा वाचावा.)

दुसरी गोष्ट आकड्यांची. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. डच माणूसही ‘फेइफ-एन-ट्विंटख’ म्हणतो: पाच-आणि-वीस. दूरध्वनी क्रमांक सांगताना येथील लोक अनेकदा दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करतात, आणि इंग्रजीत विचार करणारा माणूस ‘फीर-एन-डेर्टख’ ऐकून आधी चार लिहून मोकळा होतो व पुढे खाडाखोड करतो. मी मनात ‘चौतीस’ म्हणू लागले त्या दिवसापासून माझी खाडाखोड थांबली. मराठीत एकोणतीस-एकोणपन्नास हा प्रकार आहे, तो मात्र डचमध्ये नाही. तिथे सरळ नऊ-आणि-वीस.

घड्याळाने मात्र मला दगा दिला. एका दवाखान्यातून दूरध्वनी आला आणि भेटीची वेळ ‘हाल्फ फीर’ अशी सांगितली गेली. ‘फीर’ म्हणजे चार हे मला ठाऊक होते, ‘हाल्फ’ म्हणजे अर्धा हेही ठाऊक होते, म्हणून मी साडेचारला ऐटीत पोहोचले. भेट साडेतीनची होती. ‘हाल्फ फीर’ म्हणजे चौथ्या तासाचा अर्धा भाग. घरी येऊन चिडचिड ओसरल्यावर लक्षात आले की हा हिशेबही आपल्याला परका नाही: आपले ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’ पासून आले आहे, म्हणजे ‘तिसरा अर्धा’. डचमध्ये दीडला ‘आंडरहाल्फ’ म्हणतात, ज्यात ‘आंडर’चा जुना अर्थ ‘दुसरा’ असा आहे. आणि आपले दीड ‘द्व्यर्ध’ पासूनचे. पावणे आणि सव्वा यांनाही नेमके प्रतिशब्द आहेत. फक्त तीन वाजून पंचवीस मिनिटांना ते ‘फेइफ फोर हाल्फ फीर’ म्हणतात, म्हणजे ‘साडेतीनला पाच कमी’, त्याची सवय लागायला मला तीन महिने लागले.

आपणांपैकी कोणी मराठीच्या अंगाने डच किंवा जर्मन शिकले असल्यास आपला अनुभव कृपया लिहावा.

लेइडनकर

धागा आवडला, परंतु मूळ मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. लेइडनमध्ये मी अकरा वर्षे राहतो आणि माझ्या मते मराठीची वाट आपल्याला काही ठिकाणी खड्ड्यात नेते. मराठीत नामाआधी येणारे उपपद नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हणताना ते पुस्तक ओळखीचे की कोणतेही एक, हे आपण संदर्भावर सोडतो. त्यामुळे मराठीत विचार करून डच बोलणारी आपली माणसे ‘डे’, ‘हेट’ (दोन्ही म्हणजे इंग्रजीतले ‘द’) आणि ‘एन’ (इंग्रजीतले ‘अ’) सर्रास गाळतात, आणि वाक्य तारेच्या संदेशासारखे ऐकू येते. इंग्रजीची सवय येथे खरोखर उपयोगी पडते. शिवाय शब्दसंग्रहात इंग्रजीने दिलेली उडी इतकी मोठी आहे की तिला तुच्छ लेखणे योग्य नव्हे.

अर्थात ती उडी कधीकधी तोंडावरही पाडते. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ नव्हे, हुशार. ‘ओफ’ म्हणजे ‘चा-ची-चे’ नव्हे, ‘किंवा’. आणि ‘एव्हेन्त्युएल’ म्हणजे ‘अखेरीस’ नसून ‘गरज पडल्यास’. यातल्या शेवटच्या शब्दाने मी एकदा वरिष्ठांना भलतेच आश्वासन देऊन बसलो होतो.

सायकलवाली

लेइडनकर, उपपदांबाबत आपले म्हणणे मान्य. लेखनाच्या सरावात माझ्या निम्म्या चुका त्याच असत. परंतु ‘डे’ आणि ‘हेट’ यांतील निवडीबाबत मी मराठीचीच बाजू घेईन. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, म्हणून इंग्रजी भाषकाला टेबल एका गटात आणि घर दुसऱ्या गटात का, हाच प्रश्न छळतो. आपण ‘तो दरवाजा, ती खिडकी, ते घर’ म्हणतच मोठे झालो. डचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून ‘डे’चा एक गट झाला आहे आणि नपुंसकलिंग ‘हेट’ वेगळे राहिले आहे. बहुसंख्य नामे ‘डे’ गटातली आहेत, आणि अनेकवचन झाले की सगळीच ‘डे’.

त्यातही गंमत अशी की लघुत्व दाखवणारा ‘ये’ प्रत्यय लागला की शब्द न चुकता ‘हेट’ होतो. मुलीला ‘हेट मेइश्ये’ म्हणतात. मुलगी नपुंसकलिंगी कशी, यावर परदेशी विद्यार्थी कपाळाला हात लावतात. मराठी माणसाने लावू नये. पोरगी ‘ती’ असते पण पोरगे ‘ते’ असते. लेकरू, पाखरू, कोकरू, वासरू ही आपली सगळी लहानगी ‘ते’च आहेत. विशेषणही आपल्याप्रमाणेच बदलते: मोठे घर ‘एन खरोट हाउस’, पण मोठे टेबल ‘एन खरोटे टाफल’. मी शब्द पाठ करताना वहीत ‘हेट’ शब्दांपुढे ‘ते’ लिहीत असे, आणि ‘डे’ शब्दांपुढे काहीच नाही. कोणता शब्द कोणत्या गटात, हे मात्र पाठच करावे लागते. मराठीतले लिंग तेथे उचलून नेता येत नाही.

अँटवर्पवासी

आपण सर्व जण नेदरलँड्समधील बोलीविषयी लिहीत आहात. बेल्जियमच्या उत्तर भागातही हीच प्रमाणभाषा आहे. 1980 मध्ये दोन्ही देशांनी करार करून भाषेसाठी संयुक्त संस्था स्थापन केली, तिचे शब्दलेखनाचे नियम दोन्हीकडे चालतात. कानाला मात्र फरक जाणवतो. येथील ख मऊ आहे, घसा खरवडत नाही, आणि माझ्या मते मराठी माणसाला तो अधिक लवकर साधतो. काही शब्दांनी घोटाळा होतो: ‘लोपन’चा अर्थ उत्तरेकडच्या नेदरलँड्समध्ये ‘चालणे’ असा, तर आमच्याकडे ‘धावणे’. उत्तरेकडील ध्वनिफिती ऐकून तयार झालेल्या माझ्या पत्नीला शेजारीण ‘मी रोज सकाळी लोपन करते’ म्हणाली, तेव्हा तिने सोबत येण्याचे कबूल केले आणि पहिल्या वळणावरच तिला धाप लागली.

उच्चारांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून माझे टिपण. जे तीन स्वर आपल्याकडे नाहीत, ते तोंडाच्या रचनेने साधता येतात. ‘ई’ म्हणत राहावे आणि जीभ न हलवता ओठ ‘ऊ’ सारखे गोल करावेत, की पहिला स्वर येतो. ‘ए’ म्हणत तसेच करावे, की दुसरा. आणि ‘एइ’ म्हणताना सुरुवातीपासून ओठ गोल ठेवले की तिसरा, जो घर आणि कांदा या दोन्ही शब्दांत आहे. आरशासमोर पंधरा मिनिटे, दोन आठवडे. आणि एक सोय आपल्याला जन्मजात आहे: डच भाषेतील प आणि क अल्पप्राण असतात. इंग्रज माणूस शब्दारंभी नकळत फ-ख च्या जवळचा महाप्राण उच्चार करतो आणि पकडला जातो. आपण ‘पोट’ म्हणतो तसाच प उच्चारला की झाले.

पुण्यातून

मी अजून भारतातच आहे. माझे यजमान डच नागरिक आहेत, त्यामुळे मला येथून निघण्यापूर्वीच दूतावासात ए १, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळीची परीक्षा द्यावी लागणार आहे. तीन भाग आहेत: बोलणे, वाचणे आणि डच समाजाची माहिती. वाचनाची भीती वाटत नाही, पण बोलण्याची परीक्षा संगणकासमोर द्यायची आहे आणि माझ्या आसपास डच बोलणारे कोणीही नाही. सासूबाई म्हणतात की रोज आरशाशी बोल. एकटीने बोलण्याचा सराव खरोखर होऊ शकतो का? शिवाय शब्दलेखनात एकच अक्षर कधी दोनदा आणि कधी एकदा का येते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

सायकलवाली

पुण्याच्या ताई, सासूबाईंचे ऐका. ए १ साठी एकटीने केलेला सराव पुरतो, कारण तेथे आपल्याला संवाद रंगवायचा नसतो. प्रश्न ऐकून एका वाक्यात उत्तर द्यायचे असते किंवा अर्धे वाक्य पुरे करायचे असते. मी स्वयंपाक करताना हातातले काम मोठ्याने सांगत असे: कांदा चिरते, तेल तापवते, मीठ विसरले. मग भ्रमणध्वनीवर स्वतःचा आवाज मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकायचा. पहिल्या आठवड्यात स्वतःचा आवाज सहन होत नाही, नंतर चुका ऐकू येऊ लागतात.

शब्दलेखनाचा नियम एकच आहे. स्वर दीर्घ असेल आणि त्यापुढे व्यंजनाने अवयव (शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) बंद झाला असेल, तर स्वराचे अक्षर दोनदा लिहितात. अवयव स्वरावरच संपत असेल, तर एकदाच. ‘मान’ म्हणजे चंद्र, त्यात स्वराचे अक्षर दोनदा येते. अनेक चंद्र झाले की ‘मा-नन’ असे अवयव पडतात आणि एक अक्षर गळते, पण उच्चार दीर्घच राहतो. उलट ‘मन’ म्हणजे पुरुष, त्यातला स्वर ऱ्हस्व. तो अनेकवचनात ऱ्हस्वच राहावा म्हणून पुढचे व्यंजन दुप्पट करतात, ‘मन-नन’. आपल्याला ऱ्हस्व-दीर्घाचा धाक शाळेतच बसलेला असल्यामुळे हे लवकर पटते.

हेगवासी

लोक इंग्रजीत उत्तर देतात या तक्रारीवर माझे दोन शब्द. उत्तर इंग्रजीत आले तरी आपण डचमध्येच बोलत राहावे, आणि पहिल्याच वाक्यात ‘मख इक नेडरलांड्स मेट ऊ ऊफनन?’ म्हणजे ‘आपल्याबरोबर डचचा सराव करू का?’ असे विचारावे. बहुतेक जण खूश होतात. मात्र रांगेत पाच माणसे उभी असताना पैसे घेणाऱ्या मुलीवर हा प्रयोग करू नये. तिला वेळ नसतो. ज्यांना वेळ आहे अशी माणसे शोधावीत. सार्वजनिक वाचनालयांत ‘टालकाफे’ नावाची भाषागप्पांची बैठक असते, तेथे स्वयंसेवक आपल्याशी सावकाश बोलतात. माझ्या मेजावर एक निवृत्त आजोबा असत आणि ते माझे प्रत्येक चुकलेले वाक्य, न रागावता, बरोबर करून स्वतः पुन्हा म्हणत.

हेगमध्ये आणखी एक सोय आहे. 5 जून 1873 रोजी ‘लल्ला रुख’ जहाजातून भारतीय मजूर सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या डच वसाहतीत, उतरले. सुरिनाम 1975 मध्ये स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे अनेक वंशज नेदरलँड्सला आले आणि त्यांची मोठी वस्ती याच शहरात आहे. त्यांची सरनामी ही भोजपुरी वळणाची, आणि डच त्यांची शाळेची भाषा. बाजारात भेंडी-कारली विकणाऱ्या एका काकूंनी मला भाज्यांची डच नावे आणि भाव करण्याची रीत शिकवली. मी अडले की त्या सरनामीत सांगत, मला हिंदीच्या आधाराने अर्धे कळे, आणि मग त्या पुन्हा डचवर येत. त्या अर्ध्या तासात कुठेही इंग्रजी नसे.

लेइडनकर

काल रात्री सायकलवालींच्या मुद्द्यावर विचार करत बसलो होतो, आणि हेच वाक्य डचमध्ये केले तेव्हा मी थबकलो. ‘इक झात टे डेंकन’: मी विचार करत बसलो होतो. डच माणूस वाचत ‘बसतो’, वाट पाहत ‘उभा राहतो’, आणि काम चालू आहे हे सांगण्यासाठी बसणे-उभे राहणे-पडणे या क्रियापदांचा उपयोग करतो. इंग्रजी पुस्तकात मला हे एका विचित्र रचनेचे नाव देऊन शिकवले गेले होते. मराठीत तर ‘करत बसणे’ यात वेळ घालवल्याची जी बारीक नाराजी असते, तीही डचमध्ये अनेकदा असते. ‘मला जमत नाही’ याला ‘हेट लुक्ट मे नीट’ म्हणतात. तेथेही जमणारी गोष्ट कर्ता आणि मी ‘मला’. तेव्हा माझा आक्षेप उपपदांपुरता मर्यादित ठेवतो.

त्याहून महत्त्वाचे वाटते ते बोलण्यातल्या बारीक अव्ययांचे. ‘कोम बिनन’ म्हणजे ‘आत ये’, हा हुकूम झाला. डच माणूस ‘कोम मार एवन बिनन’ म्हणतो: ‘ये ना जरा आत’. ‘एवन’ म्हणजे जरा. ‘टोख’ म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारे आपले ‘ना?’ किंवा ‘हो की नाही?’. आणि ‘होर’ म्हणजे ‘हं’: ‘नेय होर’, ‘नाही हं’. इंग्रजीत यांचे भाषांतर करू पाहणारी पुस्तके हात टेकतात आणि ‘अर्थ नाही, सरावाने येते’ असे लिहितात. अर्थ आहे, तो मराठीत आहे. यांवाचून बोललेले डच व्याकरणशुद्ध असूनही उद्धट ऐकू येते. ‘मला मीठ दे’ आणि ‘मीठ दे ना जरा’ यांत जेवढे अंतर, तेवढेच.

जुना वाचक

उत्तम चर्चा. भर म्हणून सामासिक शब्दांविषयी लिहितो, कारण माझा शब्दसंग्रह त्यांच्यामुळेच वाढला. डच भाषा नवा शब्द लॅटिनमधून आणण्याऐवजी घरातलेच दोन शब्द जोडते. ‘झीकनहाउस’, आजाऱ्यांचे घर: रुग्णालय. ‘टांडआर्ट्स’: दंतवैद्य. ‘वोर्डनबूक’, शब्दांचे पुस्तक: शब्दकोश. ‘नेउसहोर्न’, नाकावर शिंग: गेंडा. ‘स्खिल्टपाट’ हे मला सर्वांत प्रिय. ढालवाला बेडूक, म्हणजे कासव. गणिताला युरोपातील बहुतेक भाषा ग्रीक शब्द वापरतात, पण डच भाषेत ‘विसकुंडे’ आहे, निश्चिताची विद्या. ब्रुज येथे 1548 मध्ये जन्मलेला सिमोन स्टेव्हिन हा अभियंता शास्त्र लोकभाषेत लिहावे अशा मताचा होता आणि हा शब्द त्याच्याकडून आला. त्रिकोणाला ‘ड्रीहूक’ म्हणतात, ‘ड्री’ म्हणजे तीन, ‘हूक’ म्हणजे कोन. हे वाचताना मला आपल्या राज्यव्यवहारकोशाची आठवण होते. समास सोडवण्याची शालेय सवय येथे कामाला येते: अनोळखी लांबलचक शब्द दिसला की शेवटचे पद प्रथम ओळखावे, कारण अर्थ आणि ‘डे-हेट’ दोन्ही त्यावरच ठरतात.

वाचण्या-ऐकण्यासाठी, सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मुलांसाठीच्या बातम्या, म्हणजे ‘येउख्टझुर्नाल’, मी दोन वर्षे रोज पाहिल्या. 1981 पासून त्या चालू आहेत. वाक्ये लहान असतात, पण विषय खरे असतात. निवडणूक, पूर, संप सर्व काही.

पुण्यातून

सर्वांचे आभार. स्वयंपाक करताना बोलण्याचा प्रयोग आजच सुरू केला. घरातील मंडळी दाराआडून ऐकत उभी होती. एक शंका उरली आहे. ‘एर’ हा शब्द प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा दिसतो. याला मराठीत काय म्हणावे?

सायकलवाली

त्याला मराठीत एक शब्द नाही, चार आहेत, आणि चौथा शब्द म्हणजे मौन. ‘इक वोन एर’ यात तो ‘तेथे’ आहे: मी तेथे राहते. ‘इक हेप एर ड्री’ यात तो ‘त्यांतले’ आहे: माझ्याकडे त्यांतले तीन आहेत. ‘इक डेंक एरआन’ यात तो ‘त्याचा’ आहे: मी त्याचा विचार करते. आणि ‘एर झेइन फेल मेन्सन’, ‘पुष्कळ माणसे आहेत’, यात तो फक्त पहिली जागा अडवतो, कारण डच वाक्यात क्रियापदाला दुसऱ्या क्रमांकावर बसायचे असते आणि त्याच्या आधी कोणीतरी लागते. मराठीत तशी गरज नाही, म्हणून आपण तेथे काहीच म्हणत नाही. ए १ च्या परीक्षेसाठी पहिला आणि चौथा प्रकार ओळखता आला तरी पुरे. ‘त्यांतले’वाला ‘एर’ माझ्या बोलण्यातून अजूनही गळतो आणि मुलगी तो जेवता जेवता, मान वर न करता, दुरुस्त करते.